शिडाच्या होडीची प्रतिकृती

इसवी सन १६६२ च्या उन्हाळ्यात लंडनच्या आरमारी मंडळातील एक एकोणतीस वर्षांचा अधिकारी गुणाकाराचे पाढे पाठ करीत होता. त्याचे नाव सॅम्युअल पीप्स. इंग्लंडच्या आरमाराला लागणारे लाकूड, दोरखंड, डांबर आणि शिडाचे कापड यांची खरेदी ज्या मंडळाच्या हातून होई, त्या मंडळाचे दप्तर १६६० पासून त्याच्याकडे आले होते. केंब्रिजची पदवी त्याच्यापाशी होती. लॅटिन त्याला उत्तम येत होते. पण जहाजाच्या कोणत्या भागाला काय म्हणतात, लाकडाचे माप कसे घेतात, यांतले त्याला फारसे काही ठाऊक नव्हते. कागदावर सही करणे हे आपले काम आणि कागदावर काय आहे ते समजणे हे दुसऱ्याचे, असे म्हणून त्याला स्वस्थ बसता आले असते. तो बसला नाही. ‘रॉयल चार्ल्स’ या जहाजावरील कूपर नावाच्या दर्यावर्दी माणसाला त्याने शिकवणीसाठी बोलावले, आधी पाढे पक्के केले, आणि मग कचेरीत असलेल्या जहाजाच्या एका लाकडी प्रतिकृतीवरून जहाजाच्या देहरचनेचे धडे घेतले. ही प्रतिकृती आपल्याला फार उपयोगी पडत असल्याची नोंद त्याने आपल्या रोजनिशीत केली आहे. पुढे लाकडाच्या मापात पुरवठादार कसे फसवितात, हेही त्याने अरण्यात जाऊन प्रत्यक्ष पाहिले.

पीप्सची ही हकीकत मी वाचली ती काहीशा शरमेने. कारण त्याने नोकरीच्या दुसऱ्या वर्षी जे केले, ते करायला मला वयाची चाळिशी ओलांडावी लागली. काही वर्षांपूर्वी मी किनाऱ्यावरील एका जिल्ह्यात नेमणुकीवर होतो. मच्छीमारांच्या लाकडी होड्यांच्या दुरुस्तीची प्रकरणे माझ्या टेबलावरून जात. त्यांना जोडलेल्या अंदाजपत्रकांत पठाण, वाक, नाळ असे शब्द असत. पठाण म्हणजे होडीचा तळातला कणा, वाक म्हणजे तिच्या बरगड्या आणि नाळ म्हणजे पुढचे टोक, एवढे शब्दार्थ मी विचारून घेतले होते आणि तेवढ्यावर माझे ज्ञान संपले होते. एका प्रकरणात सहा इंच रुंदीची एक फळी बदलण्यासाठी अकरा इंच रुंदीच्या लाकडाची मागणी होती. सहा इंचांच्या जागी अकरा इंच कशासाठी, असा प्रश्न मला पडला, आणि ‘मागणी जादा दिसते, खुलासा व्हावा’ असा शेरा मारून मी ते प्रकरण परत पाठविले. खुलासा येऊन मंजुरी मिळेपर्यंत नारळी पौर्णिमा उलटून गेली होती. त्या होडीचा मालक हंगामाचे पहिले काही आठवडे दुसऱ्याच्या होडीवर मजुरीने गेला, हे मला पुढे कळले.

होडी बांधणाऱ्या मेस्त्रींना भेटायला मी गेलो तेव्हा त्यांनी राग दाखविला नाही. त्यांनी एवढेच विचारले, “साहेब, फळी कधी वाकवून बघितली आहे का?” मी नाही म्हणालो. या प्रश्नाचे उत्तर देता यावे म्हणूनच मी लाकूड हाती घेतले. आजचे हे भाषण त्या खटाटोपाविषयी आहे. ज्याने जन्मात रंधा धरलेला नाही, अशा माणसाने शिडाच्या होडीची प्रतिकृती अगदी मुळापासून, म्हणजे तयार भागांची पेटी न आणता, कशी घडवावी, आणि ती घडविताना त्याच्या पदरात काय पडते, हे मला सांगायचे आहे.

पहिला प्रश्न, कोणते जहाज निवडावे? नवशिक्याची नजर नेहमी मोठ्या जहाजाकडे जाते. माझीही गेली. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मलबारी सागवानाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ च्या ऑक्टोबरात पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. आपल्या मुंबईच्या कारागिरांच्या हातचे हे जहाज आपणही घडवावे, असा मोह मला झाला. पण थोडे गणित केल्यावर तो ओसरला. तिच्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट. इंग्लंडच्या जुन्या आरमारी प्रतिकृती पुष्कळदा एका फुटाला पाव इंच, म्हणजे अठ्ठेचाळिसास एक या प्रमाणात केलेल्या असतात. त्या प्रमाणात हा मजलाच तीन फुटांवर जातो. वर तीन डोलकाठ्या, चाळीसच्या आसपास तोफा आणि दोरांचे जाळे! पहिल्याच प्रयत्नात असले काम हाती घेणाऱ्याच्या घरात बहुधा कपाटावर धूळ खात पडलेला अर्धवट सांगाडा दिसतो.

या जहाजाची एक गोष्ट मात्र नवशिक्याने ध्यानात ठेवावी. त्याचे नकाशे लंडनहून मुंबईस निघाले ते ‘जावा’ या जहाजावरून. १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्यालगत अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’चा पाडाव केला आणि नकाशे तिच्याबरोबर गेले. नव्या नकाशांची दुसरी प्रत मागाहून पाठवावी लागली. वाडियांसारख्या पिढीजात जहाजबांधणी करणाऱ्यांनाही नेमके तेच जहाज बांधायचे तर नकाशासाठी थांबावे लागले. मग आपण नकाशावाचून लाकडाला हात घालणे हे धाडस नव्हे, उतावीळपणा होय.

तेव्हा निवड लहान होडीची करावी. एक डोलकाठी, एक शीड, वरून उघडी, आणि शक्य तर जिला आपण प्रत्यक्ष हात लावू शकतो अशी. मी निवडलेली होडी मेस्त्रींच्याच मांडवात उभी होती. लांबी २४ फूट, मध्यभागी रुंदी ६ फूट, खोली ३ फूट. प्रमाण ठेवले चोविसास एक. म्हणजे प्रतिकृतीची लांबी बरोबर एक फूट, रुंदी तीन इंच आणि खोली दीड इंच. या प्रमाणाची एक सोय अशी की, आपल्या सुतारांचे सूत त्यात नेमके बसते. एका इंचाची आठ सुते. त्यामुळे खऱ्या होडीतला एक फूट म्हणजे प्रतिकृतीतली चार सुते, आणि तिथले तीन इंच म्हणजे इथले एक सूत. प्रमाण असे निवडावे की हिशेब तोंडी करता येईल. कारण तो दिवसातून शंभर वेळा करावा लागतो.

आता मापे. होडी सरळ उभी करून तिच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत मधोमध एक दोरी ताणून बांधावी. या दोरीवर दर तीन फुटांवर खूण करावी. चोवीस फुटांत अशा मधल्या सात खुणा पडतात. प्रत्येक खुणेपाशी होडीच्या बाहेर एक काठी ओळंब्याने सरळ उभी करावी. जमिनीपासून दर सहा इंच उंचीवर, काठीपासून होडीच्या अंगापर्यंत आडवे अंतर किती आहे, ते मोजून लिहावे. काठी मधल्या दोरीपासून किती दूर आहे ते ठाऊक असले की, त्या उंचीवर होडीची अर्धी रुंदी वजाबाकीने मिळते. एकाच बाजूची मापे घ्यावीत. जुन्या होडीच्या दोन बाजू क्वचितच एकसारख्या असतात, आणि दोन्ही बाजूंची मापे घेणारा माणूस तिच्या म्हातारपणातील वाकडेपणाही आपल्या प्रतिकृतीत उतरवितो.

या आकड्यांवरून कागदावर तीन चित्रे काढायची असतात. एक बाजूने पाहिलेले, एक वरून पाहिलेले आणि एक समोरून, ज्यात सातही आडव्या छेदांचे आकार एकात एक बसलेले दिसतात. होडीच्या अंगावरील प्रत्येक बिंदू या तिन्ही चित्रांत येतो. त्याची उंची, रुंदी आणि लांबीवरचे स्थान तिन्ही ठिकाणी जुळलेच पाहिजे. जमाखर्चाच्या वहीत जसा ताळा, तसाच हा ताळा. माझा पहिल्या खेपेस जुळला नाही. चौथ्या छेदाजवळ रुंदी चुकली होती, आणि ही चूक मला आकड्यांत नव्हे तर एका बांबूच्या कांबीने दाखविली. कागदावर मांडलेल्या बिंदूंवरून पातळ, लवचिक कांब वाकवून ठेवली की ती आपण होऊन एक सलग वळण घेते. ज्या ठिकाणी तिला कुबड येते, तिथले माप चुकलेले असते. हे दोष कागदावरच काढून टाकावेत. कागदावरचे कुबड खोडरबराने जाते. लाकडात उतरलेले कशानेच जात नाही.

नकाशा पुरा झाल्यावर लाकडाकडे वळावे. सागवान हे खऱ्या जहाजाचे उत्तम लाकूड खरे, पण प्रतिकृतीत त्याचे जाड रेषे मोठे दिसतात आणि त्याच्या अंगच्या तेलामुळे डिंकही लवकर धरत नाही. बारीक, एकसारख्या पोताचे हेद किंवा शिवण अधिक बरे. वखारीत खरेदी करताना सरळ रेषांचा, बिनगाठीचा तुकडा मागावा. हत्यारे थोडीच लागतात: तारेची बारीक करवत, लहान रंधा, पटाशी, कानस, गुण्या, पॉलिश पेपर, सुतारांचा पांढरा डिंक आणि कपडे वाळत घालण्याचे दोन डझन चिमटे. धार लावण्याचा दगड मात्र चांगला घ्यावा. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली पटाशी शेवटी कुठे जाईल, हे धरणाऱ्यालाही सांगता येत नाही.

उघड्या होडीची प्रतिकृती पालथी बांधावी. एका सपाट, जाड फळीवर मधोमध एक रेघ ओढून तिच्यावर दीड-दीड इंचावर सात आडव्या रेघा आखाव्यात. सातही छेदांचे साचे प्लायवूडमधून कापावेत आणि त्यांचे पाय असे लांब ठेवावेत की, फळीवर पालथे उभे केल्यावर सर्वांची उंची नकाशाप्रमाणे येईल. इथे एक सापळा आहे. आपण मापे घेतली ती होडीच्या बाहेरच्या अंगावरून; साचा मात्र फळ्यांच्या आत राहणार. म्हणून साच्याच्या कडेतून फळीची जाडी वजा केली पाहिजे. खरी फळी दीड इंच जाड, म्हणजे आपली अर्धे सूत. एवढेसे अर्धे सूत. पण दोन्ही बाजूंचे मिळून एक सूत होते, आणि होडी तीन इंच जाड दिसू लागते. मग साच्यांच्या कडांना मेण चोळावे, म्हणजे फळ्या त्यांना चिकटत नाहीत. साच्यांच्या माथ्यावर ठेवलेल्या खाचांत कणा बसवावा, त्याला पुढे नाळ आणि मागे उभे लाकूड जोडावे. कणा सरळ आहे की नाही, हे टोकाशी डोळा नेऊन पाहावे. मेस्त्री तसेच पाहतात, आणि इतक्या लहान कामात पट्टीपेक्षा डोळाच खरा ठरतो.

फळ्या चढविणे हा या कामाचा गाभा. माझी पहिली होडी इथेच बिघडली. त्या वेळी मी तळाची फळी न वापरता कणा आणि साचे हातात धरूनच काम चालविले होते. उत्साहाच्या भरात एका रविवारी डाव्या बाजूच्या सगळ्या फळ्या चढवून टाकल्या. सकाळी पाहतो तो कणा धनुष्यासारखा वाकलेला! प्रत्येक वाकविलेली फळी सरळ होऊ पाहत असते. नऊ फळ्यांनी एकाच बाजूने ओढल्यावर कणा तरी काय करील? उजव्या बाजूच्या फळ्या लावून तो सरळ होईल, अशी आशा मी धरली होती. झाले ते इतकेच की वाकलेल्या कण्याला दोन्हीकडून फळ्या बसल्या आणि त्याचे वाकणे कायम झाले. नियम साधा आहे: डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि डिंक पुरता वाळल्याखेरीज पुढची नाही. घाई केलेली होडी दिसायला पुरी होते, पण सरळ राहत नाही.

फळ्यांची रुंदीही मनास येईल तशी ठेवता येत नाही. मधल्या साच्यावर कण्यापासून काठापर्यंत कागदाची पट्टी वळवून मोजले, तर एका बाजूचा घेर १८ सुते भरतो. नऊ फळ्या घातल्या तर प्रत्येकीची रुंदी दोन सुते, म्हणजे खऱ्या होडीतली सहा इंच. पण नाळेजवळ तोच घेर १२ सुतांवर येतो. तिथेही फळ्या नऊच. म्हणून प्रत्येक फळी टोकाकडे निमुळती होत एक सूत आणि एक तृतीयांश इतकी झाली पाहिजे. निमुळती करताना टोक मधल्या रुंदीच्या निम्म्याहून कमी होऊ देऊ नये. त्याखाली फळी दुबळी होते आणि दिसायलाही कुरूप होते.

वाकविण्यासाठी फळी अर्धा तास गरम पाण्यात भिजवावी, मग साच्यांवर चिमट्यांनी धरून एक रात्र वाळू द्यावी आणि वाळल्यावरच डिंक लावावा. ओली फळी चिकटविली तर ती वाळताना आकसते आणि दोन फळ्यांमध्ये फट पडते.

आता त्या अकरा इंचांच्या मागणीकडे येतो. दुसऱ्या होडीच्या तिसऱ्या फळीला मी नाळेपाशी आलो. सरळ कापलेली पट्टी मधल्या भागात गुण्यागोविंदाने बसली होती, पण पुढच्या वळणावर तिची खालची कड उचलू लागली. दाबावी तर वरची उचले. फळी आपल्या सपाट अंगावर खुशाल वाकते. कडेवर वाकायचे मात्र साफ नाकारते. पुष्कळ झटापट केल्यावर मी तिचा नाद सोडला आणि त्या रिकाम्या जागेवर एक जाड कागद बसवून वरच्या व खालच्या कडा पेन्सिलीने उतरवून घेतल्या. तो कागद काढून टेबलावर सपाट पसरला. पाहतो तो पट्टी सरळ नव्हतीच. ती चंद्रकोरीसारखी होती. होडीच्या अंगावर सरळ दिसणारी फळी सपाट केली की वक्र होते. रुंदी तिची सगळीकडे दोन सुतांच्या आतच. पण ती कोर एका अखंड तुकड्यातून कापायची तर तो तुकडा जवळजवळ पावणेचार सुते रुंद हवा होता. पावणेचार सुते, म्हणजे खऱ्या होडीतले सव्वाअकरा इंच. मी पट्टी खाली ठेवली. त्या अंदाजपत्रकात काहीही जादा नव्हते. मेस्त्रींनी जे एका ओळीत लिहिले होते, ते समजायला मला लाकडाची सहा पाने वाया घालवावी लागली होती.

सर्व फळ्या बसल्या की प्रतिकृती साच्यांवरून हलकेच उतरवावी आणि आत बरगड्या घालाव्यात. चिरलेल्या बांबूच्या पातळ कांबी भिजवून वाकविल्या तर वाकांचे काम चांगले करतात. आधी फळ्या आणि मग बरगड्या, हा क्रम ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. पण काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून जहाजे बांधण्याची हिंदी महासागरातील जी प्राचीन रीत, तिचा क्रम हाच आहे.

डोलकाठी सरळ रेषांच्या लाकडाची करावी. चौकोनी काडी घेऊन तिचे आधी आठ कोन, मग सोळा कोन करीत गोल आणावे. एकदम गोल करू पाहणाऱ्याच्या हाती लंबगोल येतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील होडीची डोलकाठी पुढे झुकलेली असते, त्यामुळे शिडाचा लांब वासा तिच्यापासून मोकळा लोंबतो. नवशिक्याला हा झोक चूक वाटतो आणि तो काठी उभी करून टाकतो. ज्या गोष्टीचे कारण आपल्याला कळत नाही ती दुरुस्त करायला जाऊ नये, हा धडा कचेरीत मी उशिरा शिकलो होतो. इथे तो वेळेवर आठवला.

शिडासाठी जुने, वापराने मऊ झालेले मलमल घेऊन चहाच्या पाण्यात बुडवावे, म्हणजे त्याचा नवेपणा जातो. कापडाच्या पट्ट्यांची शिवण खरोखर घालू नये. आपला बारीकात बारीक टाकाही या प्रमाणात बोटभर लांबीचा ठरतो. त्यापेक्षा पेन्सिलीची फिकट रेघ अधिक खरी दिसते. दोरासाठी सुती धागा मेणावरून ओढून घ्यावा. त्याने त्याचे तंतू बसतात. आणि डोलकाठीला धरून ठेवणारे दोर जाड व काळपट, तर शीड हलविणारे बारीक व फिकट, एवढा भेद पाळला तरी जाणत्या माणसाला समाधान वाटते.

होडी पुरी झाल्यावर घरातील मुले पहिला प्रश्न विचारतात, ही पाण्यात चालेल का? तरंगेल, पण चालणार नाही, असे याचे प्रामाणिक उत्तर आहे. लांबी चोविसावा भाग केली की शिडाचे क्षेत्रफळ ५७६ वा भाग होते आणि वजन १३,८२४ वा भाग. दोन टनांच्या होडीची प्रतिकृती पाण्यात तितक्याच प्रमाणात बुडायची तर तिचे वजन सुमारे १४५ ग्रॅम हवे. वारा मात्र आपल्यासाठी लहान होत नाही. त्याच वाऱ्यात होडीला उलथविणारा जोर ज्या मानाने घटतो, त्याच्या चोवीस पट अधिक तिची सावरण्याची शक्ती घटते. म्हणून हुबेहूब प्रतिकृती पहिल्याच झुळुकीला कलंडते. ती चालवायची असेल तर तळाला खोल शिसे लावावे लागते. लहान आकृतीवरून मोठ्या जहाजाचे वर्तन कसे ओळखावे, हा प्रश्न विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने सोडविला आणि १८७० नंतरच्या दशकात टॉर्की येथे हौद बांधून त्यात मेणाच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घ्यावा, हे त्याच्या नियमाचे सार. आमची होडी पाच सागरी मैलांच्या वेगाने जात असेल, तर प्रतिकृती साधारण एक मैलाच्या वेगाने ओढावी; मग दोघींच्या लाटा सारख्या उठतात.

हे शास्त्र आपल्याही अगदी अलीकडे उपयोगी पडले. पाचव्या शतकातील अजिंठ्याच्या भित्तिचित्रात एक जहाज आहे. त्याचा नकाशा कुठेच नाही. आहे ते फक्त चित्र. त्यावरून भारतीय नौदलाच्या देखरेखीखाली गोव्यात एक शिवलेले जहाज बांधण्यात आले. त्याचा कणा २०२३ च्या सप्टेंबरात ठेवला गेला. चेन्नईच्या आय. आय. टी. मध्ये त्याच्या प्रतिकृतीवर पाण्यातील परीक्षा घेण्यात आल्या आणि केरळच्या कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या हाताखाली त्याच्या फळ्या काथ्याने शिवल्या. २०२५ च्या मे महिन्यात त्याला ‘कौंडिण्य’ हे नाव मिळाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोरबंदरहून निघून ते २०२६ च्या जानेवारीत मस्कतला पोहोचले. चित्रापासून समुद्रापर्यंतच्या या वाटेवर एक मुक्काम प्रतिकृतीचा होता.

माझी दुसरी होडी पुरी व्हायला अकरा महिने लागले. तोवर माझी बदली समुद्रापासून दूर झाली होती. रजेवर गेलो तेव्हा ती एका खोक्यात कापूस घालून नेली आणि मेस्त्रींच्या हाती दिली. त्यांनी ती डोळ्याच्या पातळीवर धरली, एक डोळा मिटून नाळेकडून पाहिले, मग पालथी करून कण्यावरून अंगठा फिरविला. “उजवी बाजू एक सूत भरली आहे,” ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “पण होडी आहे.” मी नंतर मोजून पाहिले. एक सूतच भरली होती.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळजण इंदूर, दिल्ली, नागपूर अशा समुद्र न दिसणाऱ्या गावी राहत असाल. त्याने काही अडत नाही. रविवारची एक दुपार आणि खिडकीखालचे एक टेबल एवढ्यावर या कामाला आरंभ करता येतो. मोठे जहाज मनात असू द्यावे. हाती लहान होडी घ्यावी आणि ती पुरी करावी. पहिली वाकडी होईल. ती टाकून देऊ नये. दुसरी सरळ होते ती पहिलीकडे पाहूनच. माझी वाकडी होडी घरी कपाटावर आहे. चंद्रकोरीसारखी ती कागदाची पट्टी मात्र कचेरीत, टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. आता माझ्याकडे होड्यांची प्रकरणे येत नाहीत. रस्ते, विहिरी आणि शाळांच्या छपरांची येतात. ‘मागणी जादा दिसते’ असे लिहिण्यासाठी लेखणी उचलली की ती पट्टी दिसते, आणि मी आधी जागेवर जाऊन पाहून येतो.